बाबांच्या हातातून फोन काढून घेऊ का?

या वेळी एकच पत्र घेतेय, थोडं कापून देते, नाव अर्थातच नाही.

"ताई, माझे बाबा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि गेल्या वर्षी आई गेली. आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात काम केलेला माणूस, घड्याळ लावून झोपणारा, घड्याळाच्या आधी उठणारा, आम्हाला लहानपणी टीव्हीसुद्धा मोजून अर्धा तास बघू द्यायचे. आता रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मोबाइलवर छोटे छोटे व्हिडिओ बघत असतात. त्यातही जास्त करून आजारांचेच, छातीत दुखतंय का, मग ही पाच लक्षणं ओळखा, असले. मला फॉरवर्ड करतात आणि मग स्वतःच घाबरून बसतात. विचारलं की एवढं काय असतं त्यात, तर म्हणतात काही नाही गं, टाइमपास. म्हणजे आवडतंय असंही नाही! मागच्या आठवड्यात माझा तोल गेला, मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि म्हटलं तुम्हाला व्यसन लागलंय. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. भाऊ परगावी असतो, तो म्हणतो साधा बटणांचा फोन घेऊन दे आणि विषय संपव. माझं चुकलं का? आणि एवढ्या शिस्तीच्या माणसाचं असं कसं झालं? मी स्वतः एका अ‍ॅपवर भाषा शिकते, पावणेदोनशे दिवस झाले एकही दिवस चुकवलेला नाही, म्हणजे मोबाइल नीट वापरता येतो हे मला माहितीय."

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, एवढ्या शिस्तीच्या माणसाचं असं कसं झालं हा, कारण ते एकदा नीट कळलं ना की बाबांवरचा तुझा राग निम्मा होईल आणि पुढे काय करायचं तेही बरंचसं त्यातूनच निघेल.

बाबांची शिस्त म्हणजे नक्की काय होतं ते जरा आठव. टीव्ही मोजून अर्धा तास. पण तो कार्यक्रमच अर्ध्या तासाचा असायचा ना! तो संपायचा, पडद्यावर नावं सरकायला लागायची आणि त्या वेळी बाबा उठून टीव्ही बंद करायचे. पेपरला शेवटचं पान असतं, ते झालं की घडी घालून ठेवता येतो. पुस्तकाचं प्रकरण संपतं, हिशेबाच्या वहीत पान भरलं की खाली बेरीज येते. माणूस थांबतो तो बहुतेक वेळा काहीतरी संपलं म्हणून थांबतो, ऐन मधे तोडून उठणारे फार थोडे असतात आणि त्यांनाही ते रोज जमत नाही. बाबांची शिस्त कुठे गेलेली नाही, ती जिथे कामाला यायची ती थांबायची जागाच या अ‍ॅपमधून काढून टाकलेली आहे, आणि मुद्दाम, विचार करून काढलेली आहे.

पूर्वी वेबसाइटवर खाली पोचलं की १, २, ३ असे पानांचे आकडे असायचे नाहीतर 'पुढचं पान' असं बटण असायचं, आठवतंय? २००६ च्या सुमाराला अझा रास्किन नावाच्या एका डिझायनरने अशी सोय काढली की वाचणारा तळाशी पोचायच्या आतच पुढचा मजकूर खाली आपोआप भरत जायचा. त्याचा हेतू वाईट नव्हता, वाचणाऱ्याचं एक क्लिक वाचेल एवढंच. पण त्या एका क्लिकपाशी माणूस अर्धा सेकंद का होईना थांबायचा आणि अजून वाचायचंय की पुरे झालं हे स्वतः ठरवायचा, ते ठरवणंच गेलं. पुढे रास्किनने स्वतःच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केलीय, पण तोवर जवळपास प्रत्येक अ‍ॅपने ती सोय उचललेली होती.

आणि बाबा बघतात त्या छोट्या व्हिडिओंमध्ये तर हे अगदी टोकाला गेलंय. एकदा शेजारी बसून (न बोलता, प्लीज) नुसता त्यांचा अंगठा बघ. व्हिडिओ संपला तर पडदा काळा होत नाही, तोच परत पहिल्यापासून सुरू होतो नाहीतर पुढचा येतो. अंगठा जरासा वर सरकला की पुढचा व्हिडिओ आवाजासकट चालू, बोट काचेवरून पुरतं उचललेलंही नसतं. म्हणजे हे बघायचंय का असा प्रश्न मनात यायच्या आधीच बघणं सुरू झालेलं असतं. पडदाभर व्हिडिओ असला की बऱ्याच ठिकाणी वरच्या कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा झाकलं जातं. जो माणूस आयुष्यभर घड्याळाकडे बघून जगला त्याच्यासमोर रात्रीचे तीन-तीन तास घड्याळच नाहीये, आणि आपण त्याला विचारतोय की तुम्हाला वेळेचं भान कसं नाही.

हे मी अ‍ॅपवाल्यांवर उगाच ढकलत नाहीये. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर २०१७ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात स्वतः बोलले होते की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं काढून घ्यायचं हाच हे सगळं बनवताना मुख्य विचार होता, माणसाच्या मनातल्या एका कच्च्या जागेचा त्यासाठी वापर होतोय हे बनवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरीही त्यांनी ते केलं. त्याच वर्षी नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज म्हणाले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे. मला हे वाक्य फार लागलं होतं तेव्हा. आणि फुकट अ‍ॅपचं तर अजूनच तसं, त्यांचं उत्पन्न जाहिरातींचं, जाहिराती दिसणार तुम्ही आत असाल तेवढा वेळ, मग तुमचा वेळ वाढवायचा तर तो कुठून तरी काढावा लागणार, दिवसाचा वेळ बाकीच्या कामांनी आधीच भरलेला असतो, राहिली रात्र. एकीकडे बाबा एकटे, आई गेल्यापासून ज्यांना रात्रच सगळ्यात जास्त खायला उठते असे, आणि दुसरीकडे कोणता माणूस किती वाजता किती सेकंद कशावर थांबतो याची नोंद ठेवणारी अख्खी यंत्रणा. ही बरोबरीची लढाई नाहीच गं.

आता ते 'काही नाही गं, टाइमपास'. तुला ते टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं, मला वाटतं बाबांनी तुला अगदी खरं सांगितलंय.

बी. एफ. स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर पुष्कळ प्रयोग केले, १९५७ मध्ये ते सगळं एकत्र प्रसिद्धही झालं. कबुतराने बटणावर ठराविक वेळा चोच मारली की दाणा मिळणार असं असेल तर कबुतर दाणा खाऊन जरा वेळ शांत बसतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी चाळीसाव्या टोचीला, काही नेमच नाही असं केलं की ते थांबतच नाही, टोचत राहतं, आणि दाणे येणं पूर्ण बंद केलं तरी कितीतरी जास्त वेळ टोचत राहतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. आणि बाबांचा अंगठा वर सरकतो तेव्हाही हेच चालू असतं, दहा व्हिडिओ फालतू, मग एक जुन्या गाण्याचा निघतो ज्याने डोळ्यात पाणी येतं, मग परत पंधरा फालतू. सगळेच चांगले असते तर माणूस कधीतरी तृप्त होऊन उठला असता, सगळेच भिकार असते तर कंटाळून उठला असता, पुढचा कसा निघेल हे माहीत नसणं हेच तर त्यांना तिथे बसवून ठेवतंय.

वर अजून एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी वर्षानुवर्षं केलेल्या संशोधनातून असं दिसलंय की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं ही मेंदूतली दोन वेगवेगळी कामं आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे ओढ लावणारं रसायन, जवळजवळ संपवलं होतं ते गोड खायला हलायचे सुद्धा नाहीत, पण तोंडात गोड घातलं की चेहऱ्यावर आवडल्याच्या खुणा नेहमीसारख्याच दिसायच्या. म्हणजे आवड शाबूत, ओढ गेलेली. आणि याच्या उलटही होतं, ओढ प्रचंड आणि आवड जवळपास शून्य. तू लिहिलंयस ना, आवडतंय असंही नाही, ते हेच. म्हणून 'आवडत नाही तर बघता कशाला' या वाक्याने काही होणार नाही, त्यांना त्याचं उत्तर देताच येणार नाही आणि वर अपराधी वाटेल ते वेगळंच.

बरं, आता आजारांचे व्हिडिओ, कारण मला तुझ्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट दीड वाजेपर्यंत जागणं नाही, ही वाटली.

आई गेल्यानंतर कधीतरी, बहुतेक रात्रीच, असा एखादा व्हिडिओ बाबांच्या समोर आला असेल आणि त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला असेल. कोण नाही बघणार? घरातलं माणूस गेलंय, वय झालंय, छातीत जरा काही झालं की मनात पाल चुकचुकते. भीतीची गोष्ट समोर आली की लक्ष तिकडे आधी जातं, हे सगळ्याच माणसांचं असतं, त्याशिवाय माणूस टिकलाच नसता. पण अ‍ॅपला त्यातलं काय कळलं? अ‍ॅपला बाबांची भीती दिसत नाही, आईची आठवण दिसत नाही, त्याला एवढंच दिसतं की हा माणूस या व्हिडिओवर शेवटपर्यंत थांबला. कदाचित परत मागे जाऊन ती पाच लक्षणं पुन्हा बघितली, मग तर जास्तच मार्क. यूट्यूबने २०१२ मध्ये व्हिडिओ सुचवताना नुसते किती जणांनी उघडला ते बघण्याऐवजी किती वेळ बघितला याला महत्त्व द्यायला सुरुवात केली, आणि आता सगळीकडेच थोड्याफार फरकाने तसंच चालतं. थांबला म्हणजे त्याला हे हवंय, मग याच्यासारखं अजून द्या. दुसऱ्या दिवशी दोन आले, त्यावरही थांबले, मग चार. आणि व्हिडिओ बनवणाऱ्यांनाही कळलेलं असतं की घाबरवलं की माणूस जागचा हलत नाही, म्हणून 'ही पाच लक्षणं' मधलं पाचवं नेहमी शेवटच्या सेकंदाला असतं. यात कोणी ठरवून बाबांना छळत नाहीये, पण होतंय ते छळच. रोज रात्री त्यांच्या भीतीतूनच त्यांची फीड, म्हणजे अ‍ॅप समोर आणून ठेवतं ती व्हिडिओंची रांग, तयार होतेय आणि फीडमधून परत भीती.

म्हणून सगळ्यात पहिलं काम सांगते, फोनला हात लावायच्याही आधीचं. बाबांना डॉक्टरांकडे घेऊन जा. त्यांना खरंच छातीत दुखत असेल, दम लागत असेल, घाम येत असेल तर हे वाचणं बाजूला ठेव आणि आत्ताच जा. आणि तसं काही होत नसेल तरी या आठवड्यात वेळ घेऊन जा, सगळ्या तपासण्या होऊ देत, आणि त्या व्हिडिओंमधलं जे जे मनात बसलंय ते त्यांनी कागदावर लिहून न्यावं, हिशेबातला माणूस आहे, छान मुद्देसूद लिहितील. त्यांच्या मनात एक प्रश्न आहे, आपलं काय होणार हा, आणि तो ते रात्री एक वाजता अशा ठिकाणी विचारतायत जिथे उत्तर संपूच नये अशी व्यवस्था केलेली आहे. तोच प्रश्न समोर बसलेल्या माणसाला विचारला की त्याला एक उत्तर मिळतं. डॉक्टरांना झोपेचंही सांग, आणि जेवण कमी झालंय का, कशातच मन लागत नाही असं आठवडेच्या आठवडे चाललंय का, तेही सांग, कारण जोडीदार गेल्यावर येणारं खोल नैराश्य बाहेरून बघणाऱ्याला नुसतं मोबाइलचं वेड वाटू शकतं.

तुझं चुकलं का विचारलंस. हो, फोन ओढून घेणं चुकलं. रागावू नकोस, तू काळजीपोटीच केलंस हे मला कळतंय आणि त्यांनाही कळत असेल, पण ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याच्या हातातून त्याच्या मुलीने वस्तू काढून घ्यायची यात किती काय काय दुखावलं जातं. त्यात वर व्यसन हा शब्द. तो शब्द ऐकला की माणूस एकतर भांडतो नाहीतर लपवायला लागतो, आणि लपवून रात्री पांघरुणात बघायला लागले तर तुझा उरलासुरला संबंधही तुटला. जाऊन सरळ सांग की मी तेव्हा तसं करायला नको होतं. त्याला 'पण तुम्हीसुद्धा...' असं शेपूट लावू नकोस.

आणि मग, त्याच वेळी नाही, एक-दोन दिवसांनी, त्यांना तुझी भाषेची स्ट्रीक, म्हणजे अ‍ॅप मोजतं तो न चुकवलेल्या दिवसांचा आकडा, दाखव. तू पत्रात ती अगदी वेगळ्या अर्थाने लिहिलीयस, पण मला विचारायचंय, या पावणेदोनशे दिवसांत असा एखादा दिवस होता का की रात्री बारा वाजायला दहा मिनिटं असताना तू अंथरुणातून फोन शोधलास आणि सगळ्यात सोपा धडा पटकन उरकून टाकलास, फक्त आकडा तुटू नये म्हणून? असेल तर त्या दिवशी तू भाषा शिकली नव्हतीस, आकडा सांभाळत होतीस. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं की माणसाला काही मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त टोचतं, आणि स्ट्रीक बरोबर तिथेच काम करते, आकडा जितका मोठा तितकं तोडणं अवघड. भाषा शिकणं चांगलंच आहे, सोडू नकोस. पण हे बाबांना स्वतःहून सांगितलंस की बाबा बघा, मलाही हे अ‍ॅप असं नाचवतं, तर तुमच्या दोघांत कोण शिस्तीचं आणि कोण बिघडलेलं हा हिशेबच राहणार नाही. मग दोघं एका बाजूला बसून समोरच्या फोनकडे बघू शकाल. माझ्या मते पुढचं जमेल की नाही ते यावर आहे, सेटिंगबिटिंग नंतरचं.

आता सेटिंग. हे त्यांच्यासमोर, त्यांना विचारून, त्यांच्याच बोटांनी करायचं, तू गुपचूप करून ठेवलंस तर तो परत ओढून घेण्याचाच प्रकार झाला.

पहिलं म्हणजे बघितलेल्याची हिस्टरी पुसायची. बाबांना सांग की हे अ‍ॅप तुमची वही लिहून ठेवतंय, आणि वहीत नुसत्या आजारांच्याच नोंदी आहेत म्हणून ते रोज तेच काढून देतंय, चला नवीन वही घालू. त्यांना हे लगेच पटेल बघ. यूट्यूबवर हिस्टरी पुसून ती बंदच ठेवली तर होम पेजवर सुचवलेले व्हिडिओ येणं थांबतं, जे हवं ते स्वतः शोधावं लागतं, आणि शोधायचं म्हणजे आधी ठरवायचं. इन्स्टाग्रामवरही सुचवलेल्या गोष्टी रीसेट करायची सोय आलीय. त्यानंतरही आजाराचा व्हिडिओ आला तर तो बघत बघत शिव्या घालायच्या नाहीत, दाबून धरायचं आणि 'नॉट इंटरेस्टेड' करायचं. आणि दोघांनी बसून दहा-पंधरा चांगल्या गोष्टी मुद्दाम शोधून शेवटपर्यंत बघा, त्यांच्या आवडीची जुनी गाणी, क्रिकेटच्या जुन्या मॅचेस, बागकाम, जे काही असेल ते. हिस्टरी चालू ठेवणार असाल तर फीड दोन-चार दिवसांत बदललेली दिसेल.

दुसरं, थांबायच्या जागा परत आणायच्या. ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, बंद. यूट्यूबमध्ये ठराविक वेळाने 'ब्रेक घ्या' आणि झोपायची वेळ झाली अशी आठवण लावता येते, दोन्ही लावा, वेळ मात्र बाबांनी स्वतः ठरवायची, तू नाही. शक्य तिथे छोट्या क्लिपऐवजी मोठे कार्यक्रम बघायला सुचव, पाऊण तासाची मुलाखत पाऊण तासाने संपते तरी. आणि बाबांच्या पलंगासमोर भिंतीवर एक मोठं घड्याळ लाव. यात हसण्यासारखं काही नाही, फोनने झाकलेलं घड्याळ आपण फक्त परत त्यांच्यासमोर ठेवतोय.

तिसरं, नोटिफिकेशन. माणसांचे मेसेज आणि फोन चालू ठेवायचे, 'तुमच्यासाठी खास व्हिडिओ' वगैरे सगळं बंद. पण सगळंच सायलेंट करू नका. २०१९ च्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीन वेळा एकत्र गठ्ठ्याने मिळाल्या त्यांचं लक्ष आणि मूड दोन्ही सुधारलं, पण ज्यांच्या पूर्ण बंद केल्या त्यांना उलट बेचैनी वाढली, आपलं काहीतरी राहतंय अशी. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं.

चौथं, अ‍ॅप उघडणं थोडंसं कटकटीचं करा. होम स्क्रीनवरून आत कुठेतरी फोल्डरमध्ये टाका, दर वेळी लॉग आउट करा. अशी अ‍ॅप मिळतात जी दुसरं अ‍ॅप उघडायच्या आधी काही सेकंद थांबवून विचारतात की खरंच उघडायचंय का. २०२३ मध्ये त्यातल्या एकावर अभ्यास झाला होता, तर तीनातल्या एकापेक्षा जास्त वेळा लोक त्या प्रश्नापाशीच परत फिरले. निश्चय वगैरे काही नाही, नुसते काही सेकंद मिळाले! रात्री चार्जर पलंगापासून लांब, बाहेरच्या खोलीत. मात्र मध्यरात्री काही झालं तर फोन लागेल ही त्यांची भीती रास्त आहे, तेव्हा रिंगचा आवाज मोठा ठेवा नाहीतर उशाशी दुसरा साधा फोन ठेवा.

यावरून भावाचं. साधा फोन उशाला ठेवायला उत्तम, पण स्मार्टफोनच्या बदल्यात नको. त्याच फोनमध्ये आईचे फोटो आहेत, भावाचा व्हिडिओ कॉल त्याच्यावरच येतो, जुन्या ऑफिसातल्या मित्रांचा ग्रुप आहे. ते सगळं एका फटक्यात गेलं तर आधीच रिकामं झालेलं घर अजून रिकामं होईल, आणि ते तुला कधी बोलून दाखवणार नाहीत. भावाला सांग की विषय संपवायचाच असेल तर रोज रात्री नऊ-साडेनऊला त्याने बाबांना पंधरा मिनिटं फोन करायचा. एक दिवस बाबांनी त्याला हिशेबातलं काहीतरी समजावून सांगायचं, एक दिवस त्याने सांगायचं, विषय काही का असेना.

कारण वेळ मोकळा झाला की तो कशाने तरी भरणारच. २०१८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, काही लोकांना चार आठवडे फेसबुक पूर्ण बंद ठेवायला लावलं, तर दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला. त्यातला काही वेळ घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर गेला, आणि काही एकट्याने टीव्ही बघण्यात. मन थोडं बरं झालं, फार नाही पण झालं, आणि चार आठवडे संपल्यावरही लोक पूर्वीपेक्षा कमीच वापरत राहिले. म्हणजे आशा आहे, पण रात्री दहा ते बारा हा वेळ बाबांकडे आधी कोणाचा होता हे विसरून चालणार नाही. तो आईचा होता. तिथे सेटिंग पुरणार नाही, तिथे माणूस लागेल, किंवा माणसांत नेणारं काहीतरी. संध्याकाळी बाहेर पडायला लागतील असं एखादं काम बघ, ज्याला त्यांची गरज असेल असं, कोणाच्या संस्थेचे हिशेब बघणं, मुलांना गणित शिकवणं. दमून घरी आलेल्या माणसाला झोप लवकर लागते.

एकदम सगळं होणार नाही. मधेच एखाद्या रात्री परत दीड वाजेल, तेव्हा सकाळी काही बोलू नकोस.

आणि छातीत दुखण्याचा फॉरवर्ड परत आलाच, येईलच, तर त्याला नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवून सोडू नकोस, बाबा हे काय पाठवताय असंही लिहू नकोस. फोन कर आणि विचार, बाबा, काल रात्री झोप लागली का, काही होत होतं का. मग ते काय सांगतात ते पूर्ण ऐकून घे, आणि डॉक्टरांना दाखवायच्या कागदावर लिहून ठेव.